राखणदाराच्या वाट्याची भाकरी

शेतावरच्या वस्तीत कुत्रा नाही असे घर शोधूनही सापडायचे नाही. खळ्याची राखण करणे, रात्री भुईमुगात घुसलेली डुकरे हुसकावणे, शेळ्या-करडांवर नजर ठेवणे, परके पाऊल वाजले की घरादाराला जागे करणे, ही सारी कामे तो बिनबोभाट करतो. धनगर बांधवांच्या मेंढवाड्याभोवती तर लांडग्याला तोंड देणारा पहिला गडी तोच. या चाकरीचा त्याचा मुशाहिरा एकच, दोन वेळची भाकरी.

गाईला पेंड किती घालावी, बैलाला कडबा किती लागतो, कोंबड्यांच्या खाद्यात काय मिसळावे, याचा विचार आपण करतो. कुत्र्याच्या पोटाचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. घरात जे उरले, विटले, करपले ते त्याच्या थाळीत जाते. “कुत्रंच ते, काहीही खाईल,” असे आपण सहज म्हणतो. तो काहीही खातो हे खरे आहे. पण खाल्लेले सगळेच त्याच्या अंगी लागते असे नाही. मग कुठे पिल्लाचे पाय धनुष्यासारखे वाकतात, कुठे व्यालेल्या कुत्रीचा नुसता सापळा उरतो, तर कुठे चांगला दांडगा कुत्रा पाच-सहा वर्षांतच म्हातारा दिसू लागतो. आपण त्याच्या नशिबाला बोल लावतो, पण दोष बहुधा थाळीत असतो.

दुसऱ्या बाजूने शहरात शिकणारी मुले सुट्टीत घरी आली की वेगळेच सांगतात. कुत्रा हा मांसाहारी प्राणी, त्याला धान्य घालूच नये, असे ती कुठेतरी वाचून आलेली असतात. मग घरच्या माउलीला प्रश्न पडतो, की पिढ्यान् पिढ्या भाकरीवर जगलेल्या कुत्र्यांचे काय? तेव्हा या दोन्ही टोकांच्या मध्ये खरे काय आहे, ते नीट पाहू.

धान्य त्याला पचते का?

पचते. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. पण माणसाच्या उंबरठ्याशी राहून कुत्र्याचे पोट लांडग्यापेक्षा वेगळे झाले आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली कुत्र्यांची आणि लांडग्यांची अनुवंशिक तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणारा एक पाचक रस असतो, त्याला अमायलेज म्हणतात. तो तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात; कुत्र्यांमध्ये त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या घरी धान्य आले, आणि त्या धान्याच्या उरल्यासुरल्यावर जगता जगता कुत्राही धान्य पचवायला शिकला. म्हणजे भाकरीशी त्याचे नाते आपल्या नांगराइतकेच जुने आहे.

पण यात एक मेख आहे. आपण घास चावतो तेव्हा आपल्या लाळेतच पिष्ट पचायला सुरुवात होते. कुत्र्याच्या लाळेत हा पाचक रस जवळजवळ नसतोच, शिवाय तो घास चावतही नाही, गिळतो. सगळे पचन पुढे आतड्यात व्हायचे असते. म्हणून त्याला घातलेले धान्य दळलेले किंवा भरडलेले आणि पुरते शिजलेले असावे. कच्चे पीठ पाण्यात कालवून घातले, अर्धवट शिजलेल्या कण्या घातल्या किंवा अख्खे दाणे घातले, तर बरेचसे तसेच बाहेर पडते आणि वर पोटही बिघडते. भाकरी कुस्करून, भिजवून द्यावी. कण्या बोटाने सहज चिरडतील इतक्या मऊ असाव्यात. भात नेहमीपेक्षा अंमळ मऊच बरा.

शहरात गेल्या काही वर्षांत धान्य अजिबात नसलेले विकतचे खाद्य निघाले आहे. धान्याऐवजी त्यात वाटाणा, मसूर, बटाटा यांचा मोठा भरणा असतो. असे खाद्य खाणाऱ्या काही कुत्र्यांना हृदयविकार झाल्याचे दिसल्यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली चौकशी सुरू केली. या खाद्यामुळेच तो विकार होतो असे त्यातून सिद्ध झाले नाही. पण धान्य वगळले म्हणजे कुत्रा निरोगी होतो, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. ज्याच्या घरी धान्याची कणगी आहे त्याने असल्या महागड्या पिशव्यांकडे आशेने पाहण्याचे काही कारण नाही.

नुसत्या भाकरीने काय होते?

धान्य पचते, याचा अर्थ नुसते धान्य पुरते असा नव्हे. ही गोष्ट जगाला कळली ती कुत्र्यांमुळेच, आणि त्यातून माणसांचेही मोठे कल्याण झाले. त्याचे तीन दाखले सांगण्यासारखे आहेत.

पहिला लंडनचा. पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास तिथली हजारो मुले मुडदुसाने पांगळी होत होती आणि कारण कळत नव्हते. एडवर्ड मेलनबी नावाच्या डॉक्टरांनी पिल्लांना मुख्यतः ओट किंवा पाव आणि अगदी थोडे दूध यांवर ठेवले. पिल्लांना हुबेहूब मुलांसारखाच मुडदूस झाला. त्याच आहारात कॉड माशाच्या यकृताचे तेल मिसळले, तर पिल्लांचे पाय सरळ राहिले. हे निष्कर्ष त्यांनी १९१९ साली मांडले. त्या तेलातल्या गुणकारी घटकाला पुढे ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. धान्याच्या कोंड्यातले फायटिक आम्ल चुना बांधून ठेवते आणि अंगी लागू देत नाही, हेही त्यांनी नंतर दाखवून दिले.

दुसरा दाखला अमेरिकेचा. तिथल्या दक्षिण भागात मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग होई. कातडी काळवंडून सोलायची, हगवण लागायची, शेवटी वेड लागून माणूस मरायचा. तशाच आहारावरच्या कुत्र्यांची जीभ आणि तोंड काळे-निळे पडून सडायचे. त्याला ‘काळी जीभ’ म्हणत. १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉनरॅड एल्वेजेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन कुत्र्यांची काळी जीभ बरी केली, आणि लवकरच त्याच औषधाने माणसांचा पेलाग्राही बरा होऊ लागला. मक्यात हे जीवनसत्त्व असते, पण ते बांधलेल्या स्थितीत असल्याने पोटाला मिळत नाही.

तिसरा दाखला आपल्या अगदी शेजारचा, हैदराबादचा. दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब शेतमजुरांमध्येही पेलाग्रा आढळत होता. तिथल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. मुख्यतः ज्वारीच असलेल्या आहारावर कुत्र्यांना ठेवले असता त्यांनाही काळी जीभ होते, हे त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले.

या तिन्ही गोष्टींचे सार एकच. ओट असो, मका असो की आपली ज्वारी असो, धान्य हा जेवणाचा पाया आहे. पण पाया म्हणजे घर नव्हे. ज्वारी आपलीही भाकरी आहेच. फक्त आपण तिच्याबरोबर डाळ, दूध, भाजी, अंडे खातो, आणि कुत्र्यापुढे ती कोरडीच पडते.

भाकरीला जोड कशाची?

पहिली जोड प्रथिनांची. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरीत ११, तांदळात ७ ते ८ आणि नाचणीत ७ ग्रॅम प्रथिने असतात. पण धान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो. डाळीत तो भरपूर असतो. म्हणून भाकरीत वरण कुस्करले की दोघांची उणीव भरून निघते. अंडे, दूध, मासळी, मटण यांची जोड तर सर्वांत चांगली. अंडे उकडून द्यावे, कच्चे नको.

दुसरी जोड चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची. धान्यात आणि मांसात कॅल्शियम फार थोडे आणि फॉस्फरस पुष्कळ असतो. थाळीत दोन्ही निदान बरोबरीने, किंबहुना कॅल्शियम थोडे जास्त असावे लागते. ते कमी पडले की शरीर आपल्याच हाडांतून चुना काढू लागते. आपल्या धान्यांत नाचणी याला अपवाद आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असते, तर नाचणीत ३४० ते ३६० मिलिग्रॅमच्या आसपास. नाचणी भिजवून, मोड आणून किंवा पीठ आंबवून आंबील केली, तर कोंड्यातले फायटिक आम्लही कमी होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर ही सोय घरातच आहे. इतरांनी अंड्याची टरफले धुऊन, उकळून, वाळवून पाट्यावर अगदी बारीक वाटून ठेवावीत. एका चहाच्या चमचाभर पुडीत सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम मिळते.

तिसरी जोड ‘ड’ जीवनसत्त्वाची. उन्हात बसले की माणसाच्या कातडीत ते तयार होते. कुत्र्याच्या कातडीत ते फार थोडे होते, दिवसभर अंगणात लोळला तरीही. त्यामुळे ते त्याच्या अन्नातूनच यावे लागते. अंड्याचा पिवळा बलक, मासळी आणि आठवड्यातून एखादा शिजवलेल्या यकृताचा लहान तुकडा यांतून ते मिळते. यकृत रोज मात्र देऊ नये, त्यातले ‘अ’ जीवनसत्त्व जास्त झाले तर अपाय होतो.

चौथी जोड स्निग्ध पदार्थांची. कोरडी पोळी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्याकडे घरोघर सांगतात. त्यातला भक्तिभाव आपल्या ठिकाणी आहेच. पण आहाराच्या दृष्टीनेही ती वाटी अगदी योग्य होती. थोडे तेल-तूप पोटात गेले की कातडी तुकतुकीत राहते, केस गळत नाहीत आणि रात्रभर जागणाऱ्याला ताकदही मिळते.

एका दिवसाचा शिधा

मायबहिणींनो, यासाठी वेगळी चूल मांडायची गरज नाही. सुमारे १५ किलो वजनाच्या, मोकळ्या फिरणाऱ्या राखणीच्या कुत्र्याला दिवसाला साधारण इतके पुरते:

ज्वारी, बाजरी किंवा गहू यांचे पीठ, नाहीतर तांदूळ: कोरडे १५० ग्रॅम, म्हणजे दोन मोठ्या भाकरींचे पीठ.
तूर, मूग किंवा मसुराची डाळ: ५० ग्रॅम, मऊ शिजवून.
उकडलेले अंडे: एक.
दूध, किंवा तेवढ्याच दुधाचे दही: पाव लिटर.
तेल: चहाचे दोन चमचे.
शिजलेला लाल भोपळा, गाजर किंवा पालेभाजी: मूठभर.
अंड्याच्या टरफलाची पूड: चहाचा अर्धा चमचा.

हे दोन वेळात विभागून द्यावे. मोठ्या कुत्र्यांपैकी कित्येकांना दूध सोसत नाही, पातळ होते. त्यांना दहीच द्यावे. अंडे न चालणाऱ्या घरी डाळ ७५ ग्रॅम आणि दही अर्धा लिटर करावे, आणि ‘ड’ व ‘ब’ जीवनसत्त्वांच्या औषधाविषयी पशुवैद्यांना विचारावे. आठवड्यातून एक-दोनदा घरी मासळी किंवा मटण झाले, तर शिजवलेला वाटा त्यालाही काढावा, त्या दिवशी अंडे नसले तरी चालेल. कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना मोजता येऊ नयेत, हा खुराक बरोबर असल्याचा साधा पडताळा. त्याप्रमाणे भाकरी कमी-जास्त करावी.

एक सवय मात्र आवर्जून लावून घ्यावी. वरणाला फोडणी देण्याआधीच कुत्र्याच्या वाट्याचे दोन डाव बाजूला काढावेत. तिखट, जास्त मीठ आणि मुख्य म्हणजे कांदा-लसूण त्याच्या पोटात जाता कामा नये. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

धान्य बदलायचे असेल तर पाच-सहा दिवसांत थोडे थोडे करून बदलावे. बाजरीच्या पिठात स्निग्धांश जास्त असल्याने ते लवकर कडू होते, म्हणून ते ताजेच दळलेले वापरावे. पोट बिघडले तर एक-दोन दिवस मऊ भात आणि थोडे दही द्यावे. त्याने उतार पडला नाही किंवा रक्त पडू लागले, तर डॉक्टरांकडे न्यावे.

पिल्ले आणि व्यालेली कुत्री

मुडदुसाचा खरा घाला पिल्लांवर पडतो. पिल्लू झपाट्याने वाढते. त्याला शरीराच्या मानाने मोठ्या कुत्र्याच्या दुपटीइतके खाणे लागते, आणि त्यात प्रथिने व चुना अधिक हवा. आईचे दूध तुटल्यावर नुसती दूधभाकरी किंवा नुसता भात यांवर ठेवलेले पिल्लू वरून गुबगुबीत दिसते, पण त्याची हाडे आतून मऊ राहतात. पुढचे पाय वाकणे, सांधे सुजणे, उडी मारायला कचरणे, हात लावताच कळवळणे ही लक्षणे दिसली, तर ताबडतोब पशुवैद्यांना दाखवावे. वेळीच उपाय झाला तर पिल्लू सुधारते. उशीर झाला तर वाकलेला पाय जन्माचा सोबती होतो.

पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा मऊ जेवण द्यावे. नाचणीची आंबील, अंडे, डाळ, दही यांवर भर असावा. टरफलाची पूड किंवा कॅल्शियमचे औषध पिल्लाला किती द्यायचे ते मात्र वजन दाखवून डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे, कारण वाढत्या हाडांना चुन्याचा अतिरेकही बाधतो. पिल्ले पाजणाऱ्या कुत्रीला तर पोट भरेपर्यंत, मागेल तितके खाऊ घालावे. तिची भाकरी मोजू नये.

बुरशीचे धान्य कुणालाच नको

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पावसात भिजलेला मका, बुरशीची भाकरी, काळपट शेंगदाणे टाकवत नाहीत म्हणून कुत्र्यापुढे टाकायची चाल आपल्याकडे सर्रास आहे. ती मोडली पाहिजे.

१९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सरहद्दीवरील आदिवासी भागात दोनशेहून अधिक गावांत काविळीची एक विचित्र साथ आली. माणसांचे डोळे पिवळे होत, पोटात पाणी भरे. ३९७ रुग्णांची नोंद झाली, त्यांपैकी १०६ दगावले. त्या घरांतले अन्न खाणारी कुत्रीही तशीच आजारी पडली होती. काविळीची नेहमीची साथ म्हणावी, तर ती माणसांना आणि कुत्र्यांना एकदम कशी होईल? माणूस आणि कुत्रा यांच्यात समान होते ते अन्न. तपास मक्यापाशी येऊन थांबला. काढणीपूर्वी अवकाळी पाऊस झाला होता, साठवण ओलसर होती, आणि मक्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार केले होते. गरिबांच्या घरी दुसरे धान्य नव्हते, म्हणून तेच खाल्ले गेले.

हे विष भाजून किंवा शिजवून जात नाही. बुरशी पुसून टाकली तरी ते दाण्यात राहते. कुत्र्याच्या यकृताला ते फार लवकर बाधते. खाणे सुटते, ओकारी होते, लघवी गडद पिवळी होते, कधी रक्त पडते. असे धान्य गाईला घातले तर विषाचा अंश दुधात उतरतो, म्हणजे फिरून आपल्याच मुलांच्या पेल्यात येतो. तेव्हा बुरशी धरलेला दाणा कुत्र्याला, कोंबडीला, गुरांना, कुणालाही घालू नये. सरळ पुरून टाकावा. मका आणि भुईमूग कडक वाळवूनच साठवावा. आणि घरातला कुत्रा रोजच्या भाकरीवरून अचानक तोंड फिरवू लागला, तर त्याला लाडावला म्हणून हिणवण्याआधी कणगीत हात घालून पाहावे.

हेही ध्यानात असू द्या

पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले बियाणे धुऊनही भाकरीला वापरू नये आणि कुत्र्याच्या वाटेला ठेवू नये. उंदरांसाठी विष लावून ठेवलेले दाणे आणि मेलेला उंदीर, दोन्ही त्याच्यापासून दूर ठेवावेत. नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदारांनी विशेष लक्षात ठेवावे, की द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. बेदाण्याच्या शेडवर राखणीचा कुत्रा असेल तर सांडलेला माल झाडून घ्यावा. चॉकलेट देऊ नये. कोंबडीची शिजलेली हाडे फुटून सुईसारखी टोचतात, ती देऊ नयेत. बकरा कापल्यावर त्याची कच्ची आतडी, फुप्फुसे, यकृत कुत्र्यापुढे टाकू नये. त्यातून एक जातीचे जंत कुत्र्यात जातात आणि त्यांची अंडी पोटात गेल्यास माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. जंताचे औषध ठरल्या वेळी द्यावे आणि पिसाळू नये म्हणून रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. पिण्याचे स्वच्छ पाणी त्याच्या डोणीत सदैव असावे, उन्हाळ्यात तर ते दोनदा बदलावे.

यातले काहीच अवघड नाही, फारसे खर्चिकही नाही. भाकरी तर आपण टाकतोच आहोत. तिच्यावर डावभर वरण, चमचाभर तेल, एक अंडे आणि चिमूटभर टरफलाची पूड एवढीच भर घालायची आहे. आजच्या रात्रीपासून वरणाला फोडणी देण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढायला विसरू नका.